थोरलीचा चेहरा, थोरलीचं पोट

आईने थोरलीला काउंटरवरून आत पाठवलं ते अगदी साध्या शब्दांत. सकाळची पावाची गर्दी ओसरली होती. काचेच्या कपाटातले मधले ट्रे रिकामे झाले होते आणि आई ओल्या फडक्याने काचेवरचे बोटांचे ठसे पुसत होती. मान वर न करता ती म्हणाली, "उद्यापासून तू जरा आत बघ. क्रीम लावायला हात कमी पडतोय. इथे धाकटी उभी राहील."

"बरं," थोरली म्हणाली.

क्रीम लावायला हात कमी पडत नव्हता. दोघींनाही ते ठाऊक होतं. आदल्या दिवशी केक न्यायला आलेल्या एक बाई थोरलीच्या हनुवटीकडे बघत राहिल्या होत्या. मग त्यांनी केककडे बघितलं आणि आवाज खाली आणून आईला विचारलं, "हे सगळं हाताळतं कोण हो तुमच्याकडे?" आवाज खाली आणला म्हणून काय झालं, बेकरी ती केवढीशी. भट्टीपाशी उभ्या असलेल्या बाबांनाही ऐकू गेलं. त्यांनी ट्रे उगाच जोरात आत ढकलला.

दुसऱ्या दिवशी थोरली आत गेली. क्रीमच्या पिशवीचं टोक कापलं, पिळून एक गुलाब काढला, दुसरा काढला. आता वाईट वाटेल, म्हणून ती जरा थांबून वाट बघत होती. काही वाटलं नाही. दात काढायच्या आधी सुई टोचतात, मग गाल असतो पण आपला नसतो, तसं तिला आतून झालं होतं. कधीपासून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तसे पुरळ तिला शाळेपासूनचे. तेव्हा कपाळावर चार इथे, दोन तिथे, आणि आई म्हणायची वयाबरोबर जातील. वय गेलं, पुरळ राहिले. चोविशीत तर ते कपाळावरून उतरून हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला जमले. मोठे, लाल, आत गाठ असलेले. कूस बदलली की उशी टोचायची.

बेकरीच्या काउंटरवर उभं राहणाऱ्या माणसाचा चेहरा सगळ्या गल्लीच्या मालकीचा असतो. पाव घेता घेता प्रत्येक जण सल्ला देऊन जाई. कुणी म्हणे पाणी जास्त पी, कुणी म्हणे जेवणावर पाणी पिऊ नकोस. एका काकांनी टूथपेस्ट लावायला सांगितली आणि स्वतः दात नसलेल्या तोंडाने मनापासून हसले. मावशी आली की म्हणायची, "लग्न झालं की सगळं जागच्या जागी बसतं." धाकटी आतून ओरडायची, "मावशी, मग तुझे गुडघे का नाही बसले?" थोरली सगळ्यांना "हो" म्हणायची आणि पाव कागदात गुंडाळून द्यायची.

धाकटीचं मात्र वेगळंच. ती उरलेले क्रीमरोल खायची, बिस्किटांचा चुरा मुठीने तोंडात टाकायची, वर गार दूध. आणि कातडी अशी की काचेच्या कपाटाने लाजावं. बाबा म्हणायचे, "एकाच पिठाचे, एकाच भट्टीतले. एक पाव तडकतो, एक नाही. कुणाला विचारणार?"

शेवटी थोरली कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई कामाच्या होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी लावायला एक मलम दिलं आणि पोटात घ्यायला अँटिबायोटिकच्या गोळ्या. "तीन महिने घे आणि मला दाखवायला ये. न दाखवता पुढे चालू ठेवायच्या नाहीत," असं त्यांनी बजावलं.

गोळ्यांनी गुण आला. दुसऱ्या महिन्यात गाठी बसायला लागल्या. तिसऱ्या महिन्यात थोरलीने कितीतरी दिवसांनी आरशात बघून केस विंचरले. मलमाने कातडी सोलवटायची, म्हणून ते तिने सोडून दिलं. गोळ्या सोडायचं मात्र तिच्या जिवावर आलं. डॉक्टरीणबाई बंद करतील म्हणून ती त्यांच्याकडे गेलीच नाही. कोपऱ्यावरचा औषधवाला ओळखीचा होता, रोजचा ब्रेड बेकरीतूनच नेणारा. त्याला रिकामं पाकीट दाखवलं की तो काही न विचारता नवं काढून द्यायचा. असं करत वर्ष उलटलं. तोवर पुरळ पुन्हा यायला लागले होते, गोळ्या चालू असतानाच. आता बंद केल्या तर काय होईल, या भीतीने तिने त्या तशाच चालू ठेवल्या.

पोटाची तक्रार कधी सुरू झाली हे कुणालाच कळलं नाही, कारण ती बोललीच नाही. आधी नुसतं फुगायचं. मग दिवसातून तीनचार वेळा पळापळ. बेकरीचा संडास मागच्या आवारात, पिठाच्या पोत्यांच्या पलीकडे. तिथपर्यंत जाताना ती रिकामं पोतं उचलायची, म्हणजे कामाला चाललीय असं वाटावं. पुरळाबद्दल सगळं जग बोलतं, पोटाबद्दल कोण कुणाशी बोलणार?

फोनवर मात्र तिने वाचलं. पोट बिघडलं की चेहरा बिघडतो, असं एकाने लिहिलं होतं. दुधाने पुरळ येतात. साखरेने येतात. गव्हाने येतात. एक जण सांगे दही खा, दुसरा सांगे दह्याला हात लावू नका. थोरलीने भांडणात न पडता सगळंच सोडलं. उकडलेला भात, उकडलेली भाजी, बस्स. बेकरीवाल्याची मुलगी, आणि घरात पावाचा तुकडा खाईना.

"माझ्या घरात माझाच पाव नको?" बाबा म्हणाले. हसत म्हणाले, पण त्यांचा हात ताटावर तसाच थांबला.

त्या हसण्यामागे एक गोष्ट होती. ती फक्त बाबांना आणि थोरलीला माहीत होती.

दोन वर्षांपूर्वी बाबांना एक ताप आला होता. ताप गेला, पण जाताना वास आणि चव घेऊन गेला. थोरलीला ते कळलं ते असं. एका सकाळी पावाच्या पिठात मीठ दुप्पट पडलं होतं. तिने पहिला घास घेतला आणि थुंकला. बाबा शेजारी उभे राहून तोच पाव शांतपणे चावत होते. तिच्याकडे बघून ते थांबले. "जास्त झालंय का गं?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "आईला बोलू नकोस." त्या दिवसापासून प्रत्येक घाण्याचा पहिला तुकडा थोरलीच्या हातावर येऊ लागला. "घ्या परीक्षकबाई," बाबा म्हणायचे, आणि ती मीठ, साखर, सोडा, लोण्याचा वास, सगळं सांगायची. बेकरी तिच्या जिभेवर चालली होती म्हटलं तरी चालेल.

सगळं सोडल्यावर ती तुकडा चावायची आणि मोरीत थुंकायची. पुढे पुढे वासानेच पोटात ढवळायला लागलं. मग ती तुकडा एप्रनच्या खिशात टाकायची आणि म्हणायची, "ठीक आहे, बाबा."

"नक्की?"

"हो."

खोटं बोलताना जीभ अडखळेल असं तिला वाटलं होतं. ती अडखळली नाही.

आत पाठवल्यानंतर काही दिवसांनीच लोण्याच्या बिस्किटांचा मोठा घाणा बिघडला. सोडा जास्त झाला होता. पाकिटं गेली तशी परत येऊ लागली. एकाने तर काउंटरवरच एक बिस्किट मोडून आईला खायला लावलं. आईचं तोंड कडू झालं आणि ती तशीच तरातरा आत आली.

"तुमचं लक्ष असतं कुठे?" ती बाबांवर कडाडली. "इतकी वर्षं हे करताय, सोडा कळत नाही तुम्हाला?"

बाबांनी थोरलीकडे बघितलं. एकदाच. तिने ट्रेकडे बघितलं. 'मी चाखलंच नव्हतं', एवढे तीन शब्द होते. ते तिच्या तोंडात होते, आणि तोंड बंद होतं.

"चुकलं माझं," बाबा म्हणाले.

आई बाहेर गेली. बाबांनी उरलेली बिस्किटं पोत्यात ओतली, पोत्याचं तोंड बांधलं आणि मागे नेऊन ठेवलं. थोरली क्रीमचे गुलाब काढत राहिली. आपण किती वाईट वागलो, हे तिला नीट कळत होतं. कळत होतं, पण वाटत काहीच नव्हतं. आणि या दोन गोष्टी अशा वेगवेगळ्या राहू शकतात याचीच तिला जरा भीती वाटली असती, भीती वाटायला काही शिल्लक असतं तर.

पुढच्याच आठवड्यात ती पडली.

दोन दिवस तिला सारखे जुलाब होत होते, पोटात पिळवटून येत होतं, अंगात कणकण होती. तरी ती कामावर उभी होती. दुपारी गरम ट्रेंची ढकलगाडी भट्टीपासून ओढताना तिचे हात सुटले आणि ती गाडीच्या बाजूला खाली बसली, मग आडवी झाली. धाकटी किंचाळली. बाबांनी तिला उचललं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपले कपडे खराब झालेत. बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यालाही ते लागलं होतं. लाज वाटायला हवी, असं तिने मनाशी म्हटलं आणि डोळे मिटले.

दवाखान्यात तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. हाताला सलाईन. येणारा जाणारा प्रत्येक जण हातमोजे घालून यायचा आणि बाहेर पडताना साबणाने हात धुवायचा. तपासणीचा निकाल आल्यावर पोटाचे डॉक्टर आले. जाडसर, चष्मा कपाळावर ढकललेले, घाई नसलेले. त्यांनी खुर्ची ओढली.

"कुठली औषधं चालू होती?"

तिने गोळीचं नाव सांगितलं.

"किती दिवस?"

"वर्षाच्या वर."

"आणि दाखवलं कुणाला?"

"कुणालाच नाही."

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. रागावले नाहीत. "आतड्यात जंतूंची एक मोठी वस्ती असते," ते म्हणाले. "बरेचसे आपल्या कामाचे. अँटिबायोटिकला चांगलं वाईट कळत नाही, समोर येईल त्याला मारतं. वस्ती उठली की मोकळ्या जागेत एखादा गुंड शिरतो आणि माजतो. तुमच्या आतड्याला त्यानेच सूज आणलीय. जुनी गोळी आजपासून बंद. या गुंडासाठी वेगळं औषध देतोय. बऱ्या व्हाल."

"म्हणजे चेहरा पोटामुळे बिघडला?" तिने विचारलं.

आई दाराशी उभी होती. तिनेही मान पुढे केली.

"तसं मी सांगू शकणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पोटाचा आणि कातडीचा काही संबंध असावा, असं बऱ्याच जणांना वाटतं. शोध चाललाय. काहींना दुधाने पुरळ वाढतात, काहींना फार गोडाने. काहींना कशानेही काही होत नाही. कुणी छातीठोक सांगायला लागला की समजा, तो काहीतरी विकतोय. तुमच्या बाबतीत मला एवढंच दिसतंय की चेहऱ्यासाठी घेतलेल्या गोळ्यांनी पोट बिघडवलं. उलट दिशेने काय झालं, ते माहीत नाही. आणि दुसरं, तुम्ही जेवत नाही आहात. वजन बघितलंत?"

तिने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

डॉक्टर गेल्यावर बाहेरच्या बाकावर आई बाबांना म्हणत होती, दार लोटलेलं होतं पण लागलेलं नव्हतं, "वर्षभर गोळ्या खाते आणि आपल्याला पत्ता नाही. आणि ही तुमची लाडकी! परवा बिस्किटांच्या वेळी पण नुसती खांबासारखी उभी. एक शब्द नाही तोंडातून."

"तिला बोलू नकोस," बाबा म्हणाले. "मलाच चव नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. वास नाही, चव नाही. त्या तापापासून. तीच चाखायची माझ्यासाठी."

कुठेतरी ढकलगाडीचं चाक कुरकुरत गेलं.

"दोन वर्षं?" आई म्हणाली.

"हो."

"मग दोन वर्षं माझ्या भाजीला छान छान म्हणत होतात ते?"

"छानच असणार ना," बाबा म्हणाले. "पूर्वी होती."

आई हसली की रडली ते थोरलीला कळलं नाही. नाकातून निघालेला एक आवाज, बस्स. तिने भिंतीकडे तोंड केलं. आता सगळं उघड्यावर आलं, म्हणून हलकं वाटायला हवं होतं. सलाईनचा थेंब पडला, मग दुसरा पडला.

ती घरी आली तेव्हा पोट हळूहळू ताळ्यावर येत होतं. चेहरा मात्र उसळला. गोळ्या बंद झाल्याचा सूडच जणू. जबड्याच्या कडेने नव्या गाठी आल्या, एक तर कानाखाली, झोपू देईना. तिने आरसा उलटा करून ठेवला नाही. रोज बघायची. खिडकीतून रस्ता बघावा तशी.

डॉक्टरीणबाईंनी चांगलंच फैलावर घेतलं. "तीन महिन्यांनी ये म्हटलं होतं. तू आता येतेस, आणि अशी!" पण रागावून झाल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि चेहऱ्यावर दिवा धरून नीट बघितलं. पोटात घ्यायच्या गोळ्या तूर्त नकोत. रात्री लावायचं मलम पुन्हा सुरू, अगदी वाटाण्याएवढं, एक दिवसाआड. आणि खाण्याबाबत त्या म्हणाल्या, "सगळं सोडू नकोस. दूध बंद करून बघ काही दिवस. सारखं गोड नको. बाकी सगळं जेव. फरक पडला तर पडला, नाही तर पुन्हा सुरू कर. उपासमारीने कुणाची कातडी सुधारलेली मी बघितलेली नाही."

जाता जाता त्यांनी विचारलं, "झोप लागते? रडू येतं?"

"रडू येत नाही," थोरली म्हणाली. "काहीच येत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे कधीपासून?"

"ठाऊक नाही."

त्यांनी एका समुपदेशक बाईंचं नाव सांगितलं. थोरली म्हणाली बघते, आणि नंतर खरंच गेली. पहिल्या दोन वेळा ती तिथे जवळजवळ गप्पच बसून आली. तिसऱ्या वेळी तिने बिस्किटांचं सांगितलं.

या सगळ्या काळात ती बेकरीत जात नव्हती. खाण्याच्या पदार्थांना हात लावणाऱ्याला असा आजार झाला की पूर्ण बरं होईपर्यंत घरी राहावं लागतं, असा नियम होता. आत पिठाच्या वासात गेली नाही म्हणून असेल, किंवा जेवायला लागली म्हणून, तिच्या अंगावर जरा मांस आलं. बाबांच्या घाण्याला आता आई चाखायची आणि धाकटीही. धाकटीला सगळंच आवडायचं, त्यामुळे तिचा उपयोग शून्य. आई मात्र कसलेली निघाली. "सोडा!" ती बाहेरून ओरडायची, आणि बाबा आतून म्हणायचे, "ऐकलं, ऐकलं, गल्लीला नको सांगू."

महिने गेले. चेहरा पन्नास टक्के निवळला असेल. जुन्या गाठींच्या जागी तपकिरी डाग राहिले, अधूनमधून नवा एखादा येई. दूध सोडल्याने की मलमाने, पोट सुधारलं म्हणून की नुसतेच दिवस गेले म्हणून, हे कुणाला सांगता येईना. मावशीने सगळं श्रेय तिने दिलेल्या एका लेपाला दिलं. तो लेप थोरलीने कधी उघडलाच नव्हता. थोरली म्हणाली, "हो, मावशी."

मग खाण्याचे पदार्थ हाताळणाऱ्यांना लागणारं आरोग्य खात्याचं कार्ड नव्याने काढायची वेळ आली. पोटाच्या डॉक्टरांनी बरी झाल्याचं लिहून दिलं होतं, आता फोटो हवा होता. आई म्हणाली, मी येते बरोबर. दोघी चालत बाजारातल्या फोटोच्या दुकानात गेल्या. फोटोवाल्याने थोरलीला स्टुलावर बसवलं, हनुवटी जरा वर, जरा डावीकडे, झालं. मग तो संगणकापाशी बसला आणि पडद्यावर तिचा चेहरा मोठा झाला. प्रत्येक डाग बोटाएवढा दिसत होता.

"हे काढून टाकतो," तो म्हणाला. त्याने विचारलं नव्हतं, सगळ्यांचंच काढत असणार. त्याचं बोट सराईतपणे हललं आणि हनुवटीवरची एक गाठ नाहीशी झाली. दुसरी गेली. जबड्याची कड गुळगुळीत झाली. पडद्यावर कुणीतरी मुलगी होती. थोरलीने तिच्याकडे बघितलं. चांगली होती दिसायला.

"नको," आई म्हणाली.

"फुकटच आहे काकू, वेगळे नाही घेत."

"नको म्हटलं ना. होतं तसं करा. तपासायला येणारा माणूस कार्ड आणि तोंड ताडून बघतो. उगीच भानगड नको."

फोटोवाल्याने खांदे उडवले. एकेक करत सगळे डाग परत आले. थोरली आईकडे बघत होती. आईच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पर्स चाचपत होती. नियमाचं बोलली की आणखी कशाचं, ते त्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

बाहेर आल्यावर आईने फोटोचं पाकीट चुरगळू नये म्हणून हातातच धरलं. ऊन होतं. रस्ता ओलांडायला दोघी थांबल्या.

"माझं कार्ड कुठे लावणार?" थोरलीने विचारलं. "आत का?"

"आत कोण बघतं?" आई म्हणाली. "काउंटरच्या मागे लावायचं, समोर. नियम आहे."

"आणि त्या बाई आल्या तर? केकवाल्या."

आई रस्त्याकडे बघत होती. "येतील तर येतील," ती म्हणाली. "मी तेव्हाच त्यांना सांगायला हवं होतं, माझी मुलगी हाताळते म्हणून."

थोरलीच्या आत काहीतरी हललं. रडू नव्हतं. राग असावा, जुना, पाय बधिर झाल्यावर पहिली मुंगी येते तसा. आईने हात धरला तेव्हा तिने तो झटकून सोडवून घेतला, जोरात, आणि रस्ता एकटीने ओलांडला. पलीकडे जाऊन ती थांबली, आई येईपर्यंत.